यात दूध आहे का?

बावीस वर्षं मी एकच प्रश्न विचारत आलो,
किटलीच्या तोंडाशी वाकून:
यात पाणी आहे का?
दुग्धमापी सोडायचा, रेघ बघायची,
फॅट, एसएनएफ, चिठ्ठी,
चला, पुढचा.

आज मे महिन्याच्या सुट्टीत
गोराईची खाडी ओलांडून
मनगटाला निळा पट्टा आणि
भाड्याची नायलॉनची चड्डी, गुडघ्यापर्यंत गळणारी,
असा मी
पाण्याच्या या एवढ्या मोठ्या जत्रेत
काउंटरमागून काउंटर विचारत फिरतोय:
यात दूध आहे का?

पिझ्झावाला म्हणाला, दूध नाही, चीज आहे.
पावभाजीवाल्यानं बटरचा ठोकळा उलथन्यानं मागे सारला,
कमी टाकतो ना काका.
डोसेवाली सरळ बाई. तूप, म्हणाली, सगळ्यालाच तूप.
जैन पाहिजे का?
नाही हो, कांदा घाला, लसूण घाला, हवं ते घाला.
मग उपवास?
नाही.
मग अ‍ॅलर्जी?
हो, म्हणालो मी.
खोट्याला रांग नसते.

शर्वरी तिकडे प्लास्टिकच्या डॉल्फिनपाशी उभी आहे,
केस निथळतायत,
बाप आपला नाहीच अशी.
पॅकेजच्या ताटातल्या पुऱ्या तिनं लोणच्याशी खाल्ल्या,
पनीर भावाला दिलं.
श्रीखंडाची वाटी झाकण न काढता माझ्याकडे सरकवली.
काही बोलली नाही.
बोलली होती ती एकदाच, चौदा महिन्यांपूर्वी,
हौशी म्हैस व्याली त्या आठवड्यात:
बाबा, ते रेडकाचं आहे.
एवढंच.
मी काय सांगणार,
दावं तर मीच आवळलं होतं.
रेडकू मान ताणून ताणून थकलं
आणि मी धार काढत राहिलो,
चांगली दाट धार.

शेवटच्या टपरीत बटाटेवडे.
पोराच्या छातीवर पाटी: डेल्विन.
वडा तेलातला, अंकल, चटणी पण चालेल,
पण थांबा,
पावाचं पाकीट त्यानं उजेडात धरलं,
बारीक अक्षरं ओठ हलवत वाचली.
दुधाची पावडर. सॉरी.
बावीस वर्षांत
माझ्या प्रश्नावर इतका वेळ कुणी घेतला नव्हता.

मग टेबलाखालून स्टीलचा डबा निघाला.
मम्मीनं दिलाय. भात नि वालाची भाजी.
यात दूध आहे का?
हाय ना, म्हणाला,
नारलाचं.

पैसे घेईना. मी श्रीखंडाची वाटी पुढे केली,
तिथल्या तिथे बोटानं चाटली त्यानं.
पोरगी जेवली. वाल सोलल्यासारखे एकेक,
मग भराभर,
मग डब्याच्या कडेला भात लावून पुसून.
मला म्हणाली, चव घ्या.
मी घेतली आणि जिभेनं सवयीनं मोजून टाकलं:
फॅट सहा, सहाच्या वरच.
तोंडातून निघूनही गेलं ते.
शर्वरी वर बघत म्हणाली,
आणि पाणी? पाणी किती घातलंय?
हसलो आम्ही. फार नाही.
तेवढ्यात लाटांचा भोंगा झाला,
समर ओरडत पळाला, त्याच्यामागे आई, चपला हातात,
आणि डबा विसळायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.
नंतर मी जाऊन विसळला,
शॉवरच्या नळाखाली, दोनदा.

संध्याकाळी धक्क्यावर, बोट यायची होती.
मी चहा घेतला. दुधाचाच.
कोरा मला जात नाही, खोटं कशाला सांगू.
सुटे पैसे शोधत ओले खिसे उलटे करत होतो
तर तिनं माझ्या हातातला कप घेतला
आणि धरून उभी राहिली,
साय धरू लागलेला,
वाऱ्याला पाठ करून,
सांडू न देता.