फट

पेरिनबाईंची हेरल्ड देवळालीहून टेम्पोमागे दोर लावून आली
तेव्हा मागच्या सीटवर निलगिरीची वाळकी पानं होती
आणि बॉनेटखाली जाम झालेलं इंजिन,
त्यात मुंगळ्यांची तिसरी पिढी.
छत नाही. नव्हतंच कधी.
कापडाचं एक होतं, त्याच्या फक्त काड्या उरलेल्या.

नातू पुण्याहून दुसरं इंजिन घेऊन आला,
ठोकलेल्या हॅचबॅकमधलं, दुपटीहून जास्त ताकदीचं.
म्हणाला, हे फक्त बसवायचंय.

अंबडच्या या शेडमध्ये
एकवीस वर्षं मी हा "फक्त" ऐकतोय.
फक्त एक टाका. फक्त एक भोक.

मी दाराच्या मागच्या फटीत, वरच्या बाजूला,
दोन रुपयांचं नाणं अडकवलं
आणि गाडीच्या मधोमध जॅक लावला.
तीन दांडे मारले. चौथ्याला
दोन्ही टोकं जराशी खाली झुकली,
फट उघडली,
नाणं खळ्ळकन फरशीवर.
नातू वाकून ते शोधायला लागला.
मी म्हटलं, राहू दे. बघितलंस ना?

छत असतं तेव्हा तेही ओझं उचलत असतं,
कुणाला न सांगता.
ते नसलं की सगळं खालच्या दोन रुळांवर,
आणि या रुळांत
माझा स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला.

सुगंधा गांगुर्डे, सातपूर आयटीआय, दुसरी बॅच,
तिने आधी दोन्ही दारांच्या जागी
चौकोनी पाइप आडवे जोडले.
आधी धरायचं, मग कापायचं.
मग टेप घेऊन आम्ही कर्ण मोजले, कोपरा ते कोपरा,
एक सहा मिलिमीटरने लांब.
कुठल्या वर्षी, कुठल्या खड्ड्यात, कोण जाणे.
साखळी लावून दीड दिवस ओढलं.

तीन मिलिमीटरचा पत्रा, घडी घातलेला,
सडकं काढून तिथे बसवला.
इंचभर टाका. थांब.
आता पार दुसऱ्या टोकाला जा, तिथे इंचभर.
एकाच जागी हट्ट धरलास तर पत्रा तुझ्याकडे ओढला जाईल
आणि गाडी जन्मभर डावीकडे पळेल.
सुगंधा म्हणाली, किती फेऱ्या मारायच्या?
मी म्हटलं, तुझे बूट झिजतील तेवढ्या.

दारात पॅलेटवर इंजिन, गोणपाटाखाली.
रोज संध्याकाळी नातवाचा फोन:
बसलं का?

एका बुधवारी पेरिनबाई स्वतःच आल्या, रिक्षाने,
रिक्षावाल्याला थांबवून ठेवून.
ऐंशीच्या पुढच्या, पांढरे कॅनव्हासचे बूट.
खाली वाकून त्यांनी नव्या रुळावर बोट फिरवलं,
टाक्यांच्या रांगेवरून, सावकाश.
हे दिसणार काय वरून?
नाही बाई. खालीच राहील.
सारू छे, म्हणाल्या. मग डावं दार बघितलं.

"हे आपोआप उघडायचा. वळणावर.
त्र्यंबकहून येताना दर वेळी.
मी हात असा बाहेर टाकून
दार धरून बसायची, पार नाशिकपर्यंत.
तेला वाटायचा, मला पण वारा आवडते."
मग?
"मग काय. तेला कधी नाय सांगितला."

त्यांनी हात करून दाखवला,
कोपर दारावर, बोटं बाहेरून घट्ट.
लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं
बाई ऐटीत फिरायला निघाल्यात.

शनिवारी पाइप कापून काढले.
नाणं फटीत. जॅक मधोमध.
तीन दांडे, चार, पाच,
सहाव्याला मागचं चाक जमिनीवरून सुटलं.
सुगंधाने श्वास धरलेला मला ऐकू येत होता.
नाणं तसंच.
काढायला तिने नखं लावली, मग पक्कड आणली.

फोन वाजला.
बसलं का?
इंजिन नाही अजून, मी म्हटलं. दार बसलं.

पलीकडून बराच वेळ नुसता वारा येत होता.
बहुतेक काच खाली करून
तो गाडी चालवत असावा.