मुक्या बटणाचे पैसे

कास्तेल्फिदार्दोच्या टेकडीवर, उताराच्या गल्लीत
मी गिटारी बनवतो. नव्या, पण जुन्या दिसणाऱ्या.
आज सकाळपासून एकच काम उरलंय:
दोरीला बांधलेल्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा.

लाकडाचे एकशे दहा.
तारा, खुंट्या, दोन पिकअप, सगळ्याच्या पावत्या आहेत.
माझे हात: साठ तास.
त्यातले नऊ नुसते झिलई खरवडून पुन्हा चढवण्याचे,
ते मी धरत नाही, लाज वाटते.

आणि आकार?
आकाराचे किती लावायचे, आणि कोणाच्या नावावर?

त्रेसष्ट साली अंकोनाच्या बंदरात एका खलाशानं
सिगारेटींच्या बदल्यात
अमेरिकन कॅटलॉगचं एक पान दिलं. खालून फाटलेलं.
सेत्तिमिओ फोरमननं, ज्यानं जन्मभर अकॉर्डियनच केलेली,
दिसलं तेवढं गिरवलं,
पान संपलं तिथं लाकूडही संपवलं.
म्हणून हिचं खालचं शिंग आखूड.
आता हॅम्बुर्गहून पत्र येतं:
ते आखूड शिंग तुमचंच ना? दुसरं कोणी करत नाही ना?
मी लिहितो, आमचंच.
फाटकं पान आमचंच होतं, हे तर खरं.

लाल चकाकीचं सेल्युलॉइडही तसंच.
अकॉर्डियन खपेनात, ताव गोदामात पडून,
चिकटवले गिटारींवर.
काटकसर होती हो ती.
साठ वर्षं मुरली, तिची शैली झाली.

आणि चार बटणं.
दोघांना तारा, दोन मुकी;
चार दिसली की गिऱ्हाईक चार लिरा जास्त मोजतं.
मी पहिल्या गिटारीत चारही जोडली, इमानानं.
ती परत आली. अस्सलमध्ये दोन मुकी असतात, म्हणे.
तेव्हापासून मी दोन बटणं जोडत नाही, काळजीपूर्वक.
त्याला अर्धा तास लागतो.

दुपारी देर्नामावशी आली, अंडी घेऊन.
ब्याऐंशी वर्षांची. त्या कारखान्यात बटणं तपासायची,
नगावर पैसे.
भिंतीकडे बघून म्हणाली, "ही आपली?"
नवी आहे, मावशी.
"केवढ्याला?"
अठ्ठावीसशे, बहुतेक.
"लिरा?"
मी गप्प. तिला कळलं,
खुर्ची चाचपून ती बसली.
"नक्कल म्हणून बरी आहे."

कशाची नक्कल, मावशी?
पानाची, की फाटण्याची?
खालच्या चौकातला ओरेस्ते माझीच गिटार
कुठूनसं करवून आणतो, चारशेला विकतो,
त्याच्या नावानं मी रोज बोटं मोडतो.
हे तिला सांगितलं नाही.

तिनं गिटार मांडीवर आडवी घेतली.
वाजवायला नाही, तिला येत नाही.
डोळे मिटून अंगठ्यानं बटणं दाबत गेली:
टक्. टक्. टक्.
चौथ्यापाशी थांबली. पुन्हा दाबलं.
"हे मऊ आहे. असलं आम्ही बाजूला काढायचो,
नाहीतर पैसे कापायचे."
पण ते कशालाच जोडलेलं नाही, मावशी. मुकं आहे.
"मुक्याला तर टक् हवाच," ती म्हणाली,
"नाहीतर लोकांना कळेल ना."

मी चिठ्ठी कोरीच ठेवली
आणि पेचकस घेतला.
खाली गल्लीत कोणीतरी भाता ताणून बघत होतं,
सूर न दाबता,
नुसती हवा.