जकातघराची भिंत

गगनबावड्याच्या पुढं, डांबर जिथं दम सोडतं
तिथून दीड तासाचा चढ.
माझ्याजवळ फीत, नकाशा आणि खात्याचं पत्र :
अवशेषांची मोजणी करून अहवाल सादर करावा.

गडाला नावं तीन.
एक शिलाहारांच्या काळचं, उच्चारताना जीभ अडखळते.
एक विजापुरी दप्तरातलं.
तिसरं म्हशी वळणाऱ्या भागू झोरेचं,
ती नुसतं म्हणते, "वर".

मोजलं मी.
तट : उभा राहिलेला साडेसत्तेचाळीस मीटर.
बुरूज : चारांपैकी दीड.
तोफ : नाही.
होती ती गडकऱ्यांच्या बंडानंतर
गोऱ्या पलटणीनं कड्यावरून लोटली,
अजून दरीतल्या कारवीत तोंड वर करून पडलीय म्हणतात.
टाकं : एक. पाणी आहे, बेडूक आहेत.
पश्चिमेला कोकण, आणि डोळे फारच ताणले
तर एक पांढुरकी रेघ.
समुद्र की नुसतंच ऊन,
हे लिहायला रकाना नव्हता.

दरवाजाआतली एक खोली मात्र कळेना.
खिडकी नाही, देवळी नाही,
भिंत कमरेच्या उंचीवर आत गेलेली,
गुळगुळीत, ओल्या ताकदीनं घासल्यासारखी.
गोळा असा लागत नाही.
पाऊस असा झिजवत नाही.
लिहिलं : कारण अज्ञात.

तेवढ्यात म्हशी आल्या.
पुढं मोरी, मागं तिचं रेडकू, मग बाकीच्या,
न हाकता सरळ आत,
आणि जिभा लावल्या दगडाला.
खर्र. खर्र.

"मिठाची कोठी ती," भागू म्हणाली.
"राजापुराकडनं बैल यायचं घाट चढून.
गोणीमागं वंजळभर जकात, हितं वतायची.
राजं गेलं, बैल गेलं.
भित्तीला चव हाय अजून."

मग बसून तंबाखू मळत तिनं वेढा सांगितला,
कुठल्याच बखरीत नसलेला.
दारू होती, गोळे होते, नाचणी वर्षाची होती.
मीठ संपलं.
अठराव्या दिवशी अळणी आंबिलीवरनं
शिबंदी एकमेकांच्या अंगावर गेली,
आणि रात्री कुणीतरी आतून अडसर काढला.

कुणी?
"नाव ठावं हाय. सांगायची न्हाई.
त्याची पोरंबाळं हाईत खाली वाडीत, लगीनकार्याला जातो आमी."

मी म्हणालो, खाल्ल्या मिठाला जागला नाही.
ती हसली.
"जागाय आदी खायाला तर पायजे."

म्हशींच्या मधल्या फटीत बोट घालून
मी भिंत चाखली.
दगड लागला. थोडी लाळ.
खारट होतं की मला खारट हवं होतं, कोण जाणे.

अज्ञात खोडलं. म्हशी लिहिलं.
मग तेही खोडलं,
साहेबांना काय सांगणार.
फीत गुंडाळली, टाक्यातलं पाणी बाटलीत भरलं.
मोरी अजून चाटतच होती,
डोळे मिटून.