उसना सूर

जालन्याच्या जुन्या मोंढ्यात, रुईच्या गोदामात
रात्री साडेनवाला आम्ही पाच जण.
तानपुरा नाही, पेटी नाही. सूर
शेजारच्या बर्फाच्या कारखान्याकडून उसना घ्यायचा.

शमशोद्दीन दर्ग्याच्या पायरीवर कव्वाली ऐकत वाढला,
त्याची टाळी आवरायलाच सहा महिने गेले.
ग्रेसी रणपिसे मिशनच्या चर्चमधली,
मधला सूर धरते; छप्पर उडालं तरी सोडायची नाही.
अंबादास गोंधळ्याचा. बाप संबळ वाजवायचा,
हा गाताना मांडी बडवतो,
पँट तिथंच विरलीय.
खर्जाला मुंजाजी.
गाणं शिकला नाही कधी,
बारा वर्षं अडतीवर तुरीचे लिलाव पुकारले.
एका दमात किती पोती, विचारू नका.

आणि मी, लग्नाच्या बँडमधला.
वरचे दोन दात पडले, क्लॅरिनेट सुटलं,
उरली ती फुंक घेऊन आलो.

काल अकराला लाइट गेली.
कारखाना गप झाला
आणि अंधारात कुणीतरी तो सूर धरून होतं.
मीच होतो.
"उतरतोय," ग्रेसी म्हणाली.
खरंच उतरत होता.
मुंजाजीनं खालून टेकू दिला.

लाइट आली तेव्हा
कारखानाच जरा बेसूर वाटला.