साडेपाच तास मागे

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. बारा वाजून गेलेत.
टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यामागची ही खोली:
दोन सर्व्हर, एक एसी, आणि एसीचं ठिबकणारं पाणी
झेलायला रंगाचा रिकामा डबा.

दुपारी बसवलं ते नवं टूल.
सगळ्यांवर नजर ठेवणार म्हणे,
बिलिंगवर, हजेरीच्या यंत्रावर, गेटवरच्या वजनकाट्यावर.
सेवा चालू आहे का, तीन वेळा विचारलं,
तिन्ही वेळा म्हणाली, चालू आहे.
पण ब्राउझरमध्ये पान उघडावं तर पांढरं.
नुसतं पांढरं.
ब्लीचिंगमधून निघालेल्या, काठ न शिवलेल्या
टॉवेलासारखं.

आधी पोर्ट. फायरवॉलनं दार लावून घेतलं होतं,
ते उघडलं.
मग पान म्हणालं, तुम्हाला परवानगी नाही.
काय बे, मीच बसवलं ना तुला?
फोल्डरचा मालक बदलला. तरी नाही.
शेवटी पासवर्डच्या फाइलीत सापडलं,
माझंच आडनाव मी चुकवलेलं,
बोद्दुलमधला एक द खाल्लेला.
शाळेच्या दाखल्यावरही तसंच आहे.
गुरुजींना आमची आडनावं
पूर्ण ऐकायला वेळ नसायचा.

मधेच आईचा फोन. "एमैंदी रा, अजून तिथंच?"
पान उघडत नाही म्हणून सांगावं
तर तिला वाटायचं, वहीचं.
"वस्तुन्ना," म्हटलं, आणि लॉग उघडला.

जुन्या माणसांना म्हणे
मागाच्या आवाजावरून बिघाड कळायचा.
मी बाबांना विचारलं होतं एकदा.
कसलं कळतंय, म्हणाले,
धागा तुटून वीतभर कापड वाया गेलं
की मग कळायचं.

दीड वाजता पान उघडलं.
डावीकडे यादी, उजवीकडे ठिपके,
आणि वर बारीक अक्षरांत:
शेवटची तपासणी, रात्री आठ वाजता.
कुठले आठ?
आठ वाजता मी गेटवर बसून
कडक भाकरी मोडत होतो शेंगाचटणीत,
आणि हे टूल अजून गप्प होतं.
साडेपाच तास मागे.
ह्या डब्याचं घड्याळ परदेशातलं,
आणल्या दिवसापासून,
कुणी जुळवलंच नाही.

सेटिंगच्या ओळीआधी एक अर्धविराम होता,
तेवढ्यानं ती ओळ असून नसल्यासारखी.
तो काढला. पुढं आपलं शहर लिहायचं होतं.
यादीत सोलापूर नाही.
कोलकाता आहे. चालतंय.

पान ताजं केलं.
अकरा हिरवे.
एक लाल.

बॅकअपचं यंत्र. डिस्क भरलेली.
कधीपासून म्हणून खाली खाली जात राहिलो,
मार्च, फेब्रुवारी,
थेट गड्ड्याच्या जत्रेपर्यंत.
आणि रोज पहाटे तीनला त्याचा मेल यायचा मला,
एक शब्दाचा: यशस्वी.
मी न उघडता पुसायचो.

सिद्रामप्पा चहा घेऊन आला.
काखेत रजिस्टर.
दोनची नोंद केलेली: सर्व ठीक.
तीनची, चारची, पाचचीही केलेली.
"आत्ताच?"
"काय होतंय, साहेब. एकवीस वर्षं झाली की."
मग स्क्रीनकडं वाकून बघत म्हणाला,
"हे लाल आधीपासून होतं?"
"होतं. दिसत नव्हतं."
"मग पांढरंच बरं होतं की."

मी हसलो. जुन्या फाइली पुसायला घेतल्या,
नव्या उचलून शेजारच्या डिस्कवर टाकू लागलो.
चार टक्के. पाच.
सकाळी येमूल शेठ विचारतील, चालू झालं का?
हो म्हणायचं,
आणि मग त्या "हो"च्या पुढचं सगळं सांगायचं.

सिद्रामप्पा दारात घुटमळला.
पाचची नोंद त्यानं खोडली नाही.
खुंटीवरची बॅटरी काढली, दोनदा तळहातावर आपटली,
लागली तेव्हा म्हणाला,
"मागच्या बाजूला
एक चक्कर टाकून येतो."