सरदाब

इथे तळघराला सरदाब म्हणतात.
उन्हाळ्यात गार, भाडं अर्धं, खिडकी वीतभर,
तीही रस्त्याच्या तळव्याशी.
अकरा वर्षं त्या खिडकीतून मी
जाब्रियातली माणसं चपलांवरून ओळखते.

नोव्हेंबरातल्या त्या रात्री चपला दिसल्या नाहीत.
पाणी आलं खिडकीतून, मोरीतून,
आणि ज्या कोपऱ्यात वाटच नव्हती तिथूनही.

यासीनने आधी वरचा मेन स्विच पाडला.
"पाण्यात कोणी उतरायचं नाही,"
एवढंच बोलला.
मग आम्ही तिघं जिन्यावर बसलो, टॉर्च धरून.
डब्यांची झाकणं तरंगली, निलोफरचा कंपास तरंगला.
तांदळाची गोणी तेवढी जागची हलली नाही.

सकाळी टँकरवाला डोकावला.
पंचेचाळीस दिनार.
एका डब्यामागे मला तीनशे फिल्स सुटतात.
दीडशे डबे, म्हटलं मनात,
आणि तोंडाने म्हटलं, शुक्रन.

निलोफरने वहीत मांडलं:
खोली पाच बाय चार, पाणी चाळीस सेंटिमीटर,
आठ हजार लिटर, बादली सोळाची.
"पाचशे बादल्या, अम्मी."
पेन्सिल चावून मग म्हणाली,
"यात पायऱ्या धरल्या नाहीत."

माझे अब्बा दाभोळच्या खाडीत
तेलाचा डबा तिरका कापून होडी उपसायचे.
बोलता बोलता, न बघता.
तो हात माझ्यात असेल असं वाटलं.
शंभरेक बादल्या ओतल्या मागच्या भिंतीलगत,
तेच जवळ पडतं म्हणून.
जोहरनंतर बघते तर पाणी तेवढंच.
ओतलेलं सगळं भिंतीखालून
पुन्हा घरी आलेलं.
हारिस शाबान सगळं बघत होता.
हसला नाही, हे त्याचे उपकार.

शुवैखच्या बाजारातून पंप आणला, बारा दिनारचा.
सहा आमचे, सहा शेजारच्या जसिंताचे;
सकाळी आमच्याकडे, संध्याकाळी तिच्याकडे.
वायर वरच्या मजल्यावरून, जोड कठड्याला उंच बांधलेला.
पंप आधी दोरीने सोडायचा, मगच बटण.
त्याच्या तोंडात तांदूळ अडकू नये म्हणून
यासीनने स्वतःचा मोजा चढवला, करडा, ऑफिसचा.
नळी अंगण ओलांडून थेट रस्त्याच्या गटारापर्यंत.

दोन तासांत पाणी वीतभर उतरलं.
मला हुरूप आला. म्हटलं, रात्रीपर्यंत फरशी बघते.
शाबानने बटण बंद केलं.
"शुवय्या," म्हणाला, "आज एवढंच.
बाहेरची माती अजून भिजलेली आहे.
आतलं पाणी भिंतीला धरून आहे, बाई.
एकदम काढलंस तर भिंत आत येईल."
फय्यूमकडे त्याच्या मामाची अशीच आली होती.

मी भिंतीवर नेलपॉलिशने रेघ मारली.
उरलेल्या पाण्यावर दार ओढून
जसिंताच्या माळ्यावर झोपायला गेले.
झोपले कसली.
ज्याच्याशी भांडायचं
त्याच्याच भरवशावर भिंत सोडून आले होते.

तीन दिवस, तीन रेघा.
चौथ्या दिवशी वायपर, जुन्या चादरी,
मग पंखा, मग ब्लीचचा वास.
गोणी उघडली नाही, तशीच टाकली.
गादीचं नाव कोणी काढलं नाही.
भिंतीला मीठ फुटलं, पांढरं, बोटाला लागणारं.

पाचव्या दिवशी डबे सुरू केले. नुसती खिचडी.
एकोणतीस जणांपैकी सतरा परत आले,
एकाने विचारलं, लोणचं का नाही?

पंप अजून फिरतोय.
जसिंताकडून समोरच्या फिलिपिनो मुलींकडे,
तिथून कोणा सुदानी मास्तरांकडे.
परवा मोजा तेवढा आला,
धुतलेला, इस्त्री केलेला,
वर चिठ्ठी, अरबीत, शाबानने वाचून दाखवली:
पंप आणखी एका घरी लागतोय, हा तेवढा तुमचा.

यासीनने दुसरा मोजा
टाकून दिला होता आदल्याच दिवशी.