किती पडले

धायरीत, तिसऱ्या मजल्यावर, सकाळी सातला
मी मनगट काळजाच्या उंचीला धरून बसते.
बोलायचं नाही, असं पुस्तिकेत लिहिलंय.
पट्टा फुगतो, कुरकुरतो, सोडून देतो.
तीनदा मोजते. सगळ्यांत कमी आकडा
दुधाच्या खाड्यांशेजारी कॅलेंडरवर मांडते,
डॉक्टरीणबाईंना तोच दाखवायचा.

काल लिंबाजी सिलिंडर घेऊन जिन्यानं वर आला,
रात्रपाळी संपवून. लिफ्ट बंद.
पाणी प्याला. "माझंबी बघा की."
घड्याळ काढलं, तर खाली गोंदलेलं नाव.
कुणाचं, विचारलं नाही,
त्याच्यावरच पट्टा आवळला.
हात छातीशी धर म्हटलं
तर उठून उभाच राहिला,
शाळेत प्रतिज्ञेला राहावं तसा.
खाली बसवला.

एकशे अठ्ठ्याहत्तर. खालचा एकशे आठ.

"किती पडले?"
सांगितलं.
"आन् तुमचे?"
"एकशे छत्तीस."
"म्हंजे मीच पुढं," हसला.

दवाखान्यात जा, आजच जा, म्हटलं.
परत मोजू का, म्हटलं.
"नको. आठला वडगावात दुसरी ड्युटी हाय."

कॅलेंडरवर माझ्या एकशे छत्तीसच्या खाली
त्याचा आकडा लिहिला.
एकदाच मोजलेला.